शिवेच्या दगडांचा शोध : प्राध्यापक एडवर्ड रॉबिन्सन ह्यांचे चरित्र

यहोशवाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायापासून एकोणिसाव्यापर्यंतचा भाग कुटुंबप्रार्थनेत वाचण्याची पाळी आली म्हणजे पुष्कळ घरी दोनचार पाने एकदम उलटली जातात. नावांमागून नावे येतात. शीव अमुक झऱ्याकडे वळली, तमुक डोंगराच्या खांद्यावर चढली, कोणा बोहानाच्या दगडापाशी उतरली आणि अखेरीस समुद्राला जाऊन मिळाली, एवढाच मजकूर. उपदेशकासही त्यातून काय सांगावे हे सुचत नाही. प्रस्तुत लेखकाने आपल्या इतक्या वर्षांच्या सेवेत ह्या अध्यायांवर एकदाच उपदेश केला. त्यानंतर मंडळीतील एक वृद्ध शेतकरी बंधू हळूच जवळ येऊन सांगून गेले की, ज्याच्या शेताचा बांध शेजाऱ्याने कोरला आहे त्याला हे अध्याय मुळीच कंटाळवाणे वाटत नाहीत. तेव्हापासून ही पाने उलटण्याचे धाडस लेखकाला झालेले नाही.

वाचकहो, ज्या एका मनुष्याने ह्या नीरस वाटणाऱ्या याद्या हाती धरून पालेस्तीन देशाच्या डोंगरांतून पायपीट केली, आणि त्यातील नावे अजून त्या भूमीवर जिवंत आहेत असे जगाला दाखवून दिले, त्या प्राध्यापक एडवर्ड रॉबिन्सन ह्यांचे चरित्र आज थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

रॉबिन्सन ह्यांचा जन्म अमेरिकेतील कनेक्टिकट प्रांतात साउथिंग्टन ह्या गावी १० एप्रिल १७९४ रोजी झाला. वडील विल्यम रॉबिन्सन हे तेथील मंडळीचे पाळक होते आणि शेतीही करीत. मुलाचे बाळपण त्यामुळे शेतात गेले. प्रकृती नाजूक, परंतु अभ्यासाची ओढ मोठी. १८१६ मध्ये न्यूयॉर्क प्रांतातील हॅमिल्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि पुढे तेथेच काही काळ गणित व ग्रीक भाषा शिकवू लागले.

ह्या ठिकाणी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हे कॉलेज ज्या संस्थेतून निघाले ती सॅम्युएल कर्कलंड ह्या मिशनरी गृहस्थांनी ओनायडा नावाच्या इंडियन जमातीत काम करीत असता स्थापिली होती. इंग्रज सरकार आणि त्या मूळच्या जमाती ह्यांच्यामध्ये १७६८ च्या तहाने जी शीव ठरली, ती त्या परिसरातूनच गेली होती. ती शीव कायमची राहील असे त्या लोकांस वाटले असावे. पण वीस वर्षांत, १७८८ मध्ये, ओनायडा लोकांची बहुतेक जमीन न्यूयॉर्क सरकारच्या हाती गेली. रॉबिन्सन ह्यांनी १८१८ मध्ये कर्कलंड ह्यांची कन्या एलायझा हिच्याशी विवाह केला. ती दुसऱ्याच वर्षी वारली, आणि हा तरुण विधुर १८२१ पर्यंत तिच्याच घरच्या शेतावर राहून ग्रीक ग्रंथ वाचीत बसला. म्हणजे इस्राएलाच्या वंशांच्या सीमा पुढे ज्याने शोधावयाच्या होत्या, त्याने आपल्या दुःखाचे दिवस अशा भूमीवर काढले की जिची शीव नुकतीच पुसली गेली होती. ह्याविषयी त्यांच्या मनात काही विचार आले की काय, हा प्रश्न लेखकाच्या मनात वारंवार येतो.

१८२१ मध्ये होमर कवीच्या काव्याचा काही भाग छापून घेण्यासाठी ते अँडोव्हर येथे गेले. तेथील सेमिनरीतून गॉर्डन हॉल ह्यांच्यासारखे तरुण मिशनरी होऊन निघाले होते. हॉल १८१३ मध्ये मुंबईस उतरले आणि आपल्या महाराष्ट्रातील अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला, हे वाचकांस ठाऊक आहेच. अँडोव्हरास मोझेस स्टुअर्ट हे इब्री भाषेचे प्रख्यात गुरू होते. त्यांच्या सहवासात रॉबिन्सन ह्यांचे मन होमराकडून मोशेकडे वळले. १८२३ पासून ते इब्री शिकवू लागले. १८२६ मध्ये जर्मनीस जाऊन हाले व बर्लिन येथे गेसेनियस, थोलुक, नेआंडर अशा पंडितांजवळ आणि कार्ल रिटर ह्या भूगोलवेत्त्याजवळ चार वर्षे शिकले. तेथेच १८२८ मध्ये त्यांनी टेरेझे फॉन याकोब ह्या विदुषीशी विवाह केला. ह्या बाई सर्बियन लोकगीतांच्या भाषांतराकरिता युरोपात आधीच नावाजलेल्या होत्या.

परत आल्यावर रॉबिन्सन ह्यांनी शिकविणे, त्रैमासिक चालविणे आणि कोश रचणे ही कामे इतक्या नेटाने केली की १८३३ मध्ये प्रकृती ढासळून त्यांना अँडोव्हरची जागा सोडावी लागली. तरीही १८३६ मध्ये गेसेनियसच्या इब्री कोशाचे इंग्रजी भाषांतर आणि नव्या कराराचा ग्रीक कोश असे दोन ग्रंथ त्यांनी पुरे केले. आपल्या सेमिनरींतून जो जाड इब्री-इंग्रजी कोश विद्यार्थ्यांच्या मेजावर असतो, त्याचे मूळ ह्या भाषांतरातच आहे. १८३७ मध्ये न्यूयॉर्क येथील नव्या युनियन सेमिनरीने त्यांस बोलाविले. त्यांनी होकार दिला, पण एका अटीवर : आधी पवित्र देश पाहून येण्यास मोकळीक मिळावी.

त्या देशाविषयी तोवर जी पुस्तके होती, ती बहुधा यात्रेकरूंनी लिहिलेली होती. मठवासी साधू जेथे नेतील तेथे जावे, ते जे दाखवतील ते लिहून घ्यावे, असा प्रघात होता. रॉबिन्सन ह्यांनी दोन नियम मनाशी ठरविले. मठांतील परंपरेला शास्त्राचा किंवा इतर बळकट पुराव्याचा आधार नसेल तर तिच्यावर विसंबावयाचे नाही, हा पहिला. राजमार्ग सोडून आडवाटेच्या खेड्यांत जावयाचे आणि तेथील अरब शेतकऱ्यांच्या तोंडून गावांची नावे ऐकावयाची, हा दुसरा.

दुसरा नियम पाळण्यास अरबी भाषा अस्खलित बोलणारा सोबती पाहिजे होता. तो त्यांस एली स्मिथ ह्यांच्या रूपाने मिळाला. स्मिथ हे अँडोव्हरास रॉबिन्सन ह्यांचे विद्यार्थी होते, आणि ज्या अमेरिकन बोर्डाने हॉल ह्यांस मुंबईस पाठविले त्याच बोर्डाने स्मिथ ह्यांस बेरुतेस पाठविले होते. लेखकाचे मत असे की पुढे जे यश आले त्यात स्मिथ ह्यांचा वाटा निम्म्याहून कमी नव्हता. पण कीर्ती वाटताना चिठ्ठ्या नेहमीच सारख्या पडत नाहीत. रॉबिन्सन ह्यांनी मात्र ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मित्राचे नाव आपल्या नावाबरोबर छापले.

१८३८ च्या मार्च महिन्यात दोघे उंटांवरून कैरोहून निघाले. सीनाय पर्वत व अकाबा ह्या मार्गाने, इस्राएल लोकांच्या प्रवासाची वाट धरून, ते १४ एप्रिल रोजी यरुशलेमेस पोहोचले. दुसरा दिवस पुनरुत्थानाचा रविवार होता. त्यांचे सामान फारसे नव्हते : होकायंत्रे, दुर्बीण, उष्णतामापक, मोजपट्टी, पवित्र शास्त्र आणि दोनचार ग्रंथ. अंतर मोजावयाचे ते जनावर किती तास चालले ह्यावरून. प्रत्येकाने वाटेत पेन्सिलीने टिपणे करावयाची आणि संध्याकाळी ती सविस्तर लिहून काढावयाची, असा क्रम होता. सिलोहाच्या तळ्यापासून डोंगराच्या पोटातून जो जुना पाण्याचा बोगदा जातो, त्यातून दोघे अखेर पोटावर सरपटत पार गेले आणि त्याची लांबी १७५० फूट भरते असे मोजून आले. चव्वेचाळीस वर्षांचा दुबळ्या प्रकृतीचा तो प्राध्यापक चिखलात लोळत मोजपट्टी ओढीत आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे!

परंतु त्यांचे खरे काम खेड्यांत होते. गावकऱ्याला अमुक गाव म्हणजेच शास्त्रातील तमुक नगर काय, असे विचारले तर तो पाहुण्याचे मन राखण्यासाठी होय म्हणतो. ही खोड केवळ अरबांचीच आहे असे नाही. म्हणून असा प्रश्न करावयाचा नाही. समोर दिसणाऱ्या टेकडीचे, ओढ्याचे, पडक्या भिंतीचे नाव काय, एवढेच विचारावयाचे, आणि तोच प्रश्न दुसऱ्या गावच्या मनुष्यास पुन्हा विचारावयाचा. ह्या रीतीने यरुशलेमेच्या उत्तरेस बन्यामिनाच्या वतनात ते हिंडले, तेव्हा एकामागून एक जुनी नावे त्यांच्या कानी पडू लागली. अनाता म्हणजे यिर्मयाचे अनाथोथ. जबा म्हणजे गेबा. मुखमास म्हणजे मिखमाश. बेतीन म्हणजे बेथेल. अल-जीब म्हणजे ज्याच्या माणसांनी यहोशवाला फसवून करार केला ते गिबोन. आणि सेलून म्हणजे शिलो. शिलो येथेच यहोशवाने उरलेल्या सात वंशांपैकी प्रत्येकी तीन माणसे निवडून, देशभर फिरून त्याचे वर्णन लिहून आणण्यास पाठविली होती आणि मग चिठ्ठ्या टाकून वतने वाटली होती. चालून पाहणे, लिहून आणणे; तीन हजार वर्षांनंतर ह्या दोघांनी तेच केले.

इब्री व अरबी ह्या सख्ख्या बहिणी असल्याने जुने नाव नव्या जिभेवर थोडेसे झिजून का होईना, टिकून राहिले. ग्रीक आणि रोमी राजांनी मोठ्या थाटाने दिलेली नावे मात्र पुष्कळदा शेतकऱ्यांच्या तोंडून नाहीशी झाली. ह्याचे उत्तम उदाहरण बेत-जिब्रीन. रोमी लोकांनी ह्या गावाला एल्युथेरोपोलिस असे भारदस्त नाव दिले होते. चौथ्या शतकातील बिशप युसेबियस ह्यांनी शास्त्रातील स्थळांची जी यादी केली, तीत दक्षिणेकडील कित्येक गावांचे अंतर ह्या शहरापासून मोजून दिले आहे. पण ते शहरच कोठे होते हे कोणास सांगता येत नसल्याने यादी निरुपयोगी झाली होती. युसेबियसने सांगितलेली अंतरे आसपासच्या गावांशी ताडून पाहून रॉबिन्सन ह्यांनी सिद्ध केले की ते हेच. एक खुंटी सापडली आणि यहूदाच्या तराईचा नकाशा तिच्याभोवती उभा राहू लागला.

यहूदा आणि बन्यामीन ह्यांच्यामधील शीव शास्त्रात सर्वांत बारकाईने वर्णिली आहे. ती क्षार समुद्राच्या टोकापासून, यार्देनेच्या मुखापासून निघते. बेथ-होग्ला येथून, अदुम्मीमाच्या चढणीने, एन-रोगेल झऱ्याजवळून हिन्नोमाच्या खोऱ्यात शिरते, आणि यबूसी लोकांच्या नगराच्या दक्षिण बाजूने जाते. म्हणजे दावीदाची राजधानी जे यरुशलेम, ते ह्या शिवेप्रमाणे यहूदाच्या नव्हे तर बन्यामिनाच्या वाट्यास येते. कागदावर न कळणारी ही गोष्ट हिन्नोमाच्या खोऱ्याच्या काठी उभे राहिले की कळते. पुढे तीच शीव किर्याथ-यारीम, कसालोन, बेथ-शेमेश ह्यांवरून याब्नेल गाठते व समुद्रास मिळते. यार्देनेजवळ ऐन-हजला हा झरा, डोंगरात कसला हे खेडे, तराईत ऐन-शम्सचे अवशेष, आणि किनाऱ्याजवळ यिब्ना : शिवेच्या ह्या चारही खुणा त्या त्या जागी नावानिशी सापडल्या.

ह्या शिवांच्या याद्या केव्हा लिहिल्या गेल्या ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. राजे होण्यापूर्वीच्या काळातील हद्दी आणि पुढील राजांच्या कारभारातील गावांच्या याद्या येथे एकत्र आल्या आहेत, असे जर्मन पंडित अल्ब्रेख्त आल्ट ह्यांनी विसाव्या शतकात मांडले. ह्याने बिचकण्याचे कारण नाही. वतन राजाने दिलेले नसून परमेश्वराने चिठ्ठीने दिलेले आहे, ही समजूत त्या लोकांत किती खोल होती हे नाबोथाच्या गोष्टीवरून दिसतेच. अहाब राजाने त्यास अधिक चांगला मळा किंवा रोख पैसा देऊ केला. तरी त्याने वाडवडिलांचे वतन देण्याचे नाकारले आणि त्यापायी प्राण दिले. त्याच अहाबाच्या राजधानीत, शोमरोनात, १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्खननात शाईने लिहिलेली खापरे सापडली. ती ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातील असून द्राक्षारस व तेल ह्यांच्या नोंदींची आहेत. त्यांवर मनश्शेच्या कुळांची नावे मुलखांची नावे म्हणून आली आहेत : अबियेजेर, हेलेक, शमीदा, आणि त्यांतच होग्ला व नोआ. ह्या दोघी सलाफहादाच्या मुली! बाप निपुत्रिक मेला तर त्याचे नाव कुळातून का पुसावे, आम्हांस वतन द्या, असे ज्यांनी मोशेसमोर उभे राहून मागितले, त्यांचे नाव शतकानुशतके त्या जमिनीवर राहिले होते. आमच्या मंडळ्यांतील ज्या बंधूंना बहिणीचा हिस्सा म्हणजे भावावर अन्याय वाटतो, त्यांनी गणनेचा सत्ताविसावा अध्याय काढून वाचावा.

रॉबिन्सन ह्यांच्या चुकाही सांगणे न्याय्य होय. एक्रोन म्हणजे अकीर हे गाव असे त्यांनी नावाच्या साम्यावरून ठरविले. पण १९९६ मध्ये तेल-मिक्ने येथे सापडलेल्या शिलालेखाने एक्रोन तेथे होते हे निश्चित झाले. दुसरी चूक अधिक मोठी. त्या देशात ज्या सपाट माथ्याच्या टेकड्या ठिकठिकाणी दिसतात, त्या म्हणजे एकावर एक वसून मोडलेल्या नगरांचे ढीग होत, हे त्यांच्या लक्षात आले नाही. तेल-एल-हेसी ह्या टेकडीवर ते चढले, वर भिंतीची खूण दिसेना म्हणून पुढे निघून गेले; तिच्याच पोटात १८९० मध्ये फ्लिंडर्स पेट्री ह्यांनी नगरांचे थर उघडे केले. जे नाव कानाने ऐकू येते ते रॉबिन्सन ह्यांस सापडले. जे पायाखाली मुके पडले होते ते नाही. पण कानाने घेतलेली साक्ष पुष्कळदा खरी ठरली. गिबोन येथे १९५६ पासून १९६२ पर्यंत उत्खनन झाले, तेव्हा घागरींच्या कानांवर कोरलेले गिबोन हेच नाव मातीतून वर आले. गेजेर येथे तर १८७४ मध्ये क्लेर्मों-गानो ह्यांस खडकावर कोरलेले लेख सापडले, त्यांत इब्री अक्षरांत ही गेजेराची शीव असे स्पष्ट लिहिले होते. ते ख्रिस्ताच्या काळाच्या आसपासचे आहेत; यहोशवाच्या काळचे नव्हेत.

आता जी गोष्ट सांगावयाची ती सांगताना मन जड होते. ज्या शेतकऱ्यांनी ही नावे पिढ्यानपिढ्या जिभेवर जपली, त्यांतील कित्येकांची गावे आज नाहीत. कसला, यिब्ना व अकीर ही १९४८ च्या युद्धात ओस पडली. अय्यालोनाचे नाव राखणारे यालो १९६७ मध्ये पाडले गेले. त्या देशाच्या हक्काविषयी आज दोन्ही बाजूंनी रक्त सांडत आहे, आणि यहोशवाचे हे अध्याय कित्येकजण आजच्या नकाशावर पसरून हद्दी ठरवू पाहतात. लेखक राजकारणी नव्हे. परंतु शास्त्राचा विद्यार्थी ह्या नात्याने इतके म्हणणे भाग आहे की, ज्या नियमशास्त्राने वतने दिली, त्यानेच शेजाऱ्याच्या शिवेची खूण सरकविणाऱ्यास शापित म्हटले आहे. आणि यहेज्केल संदेष्ट्याने जेव्हा बंदिवासातून देशाच्या नव्या वाटणीचे दर्शन घेतले, तेव्हा इस्राएलांमध्ये राहणाऱ्या परदेशीयांसही, ते ज्या वंशात राहत असतील त्याच वंशात, चिठ्ठीने वतन द्यावे असे त्याने लिहून ठेविले आहे. शिवा दाखविताना हे दोन उतारे बहुधा कोणी दाखवीत नाही.

चरित्राकडे वळू. प्रवास संपवून युरोपास जाताना रॉबिन्सन व्हिएन्ना येथे मरणाच्या दारी पोहोचण्याइतके आजारी पडले. त्यातून उठून त्यांनी बर्लिनमध्ये दोन वर्षे बसून ग्रंथ लिहिला. नकाशे हाइनरिख कीपर्ट नावाच्या एका अगदी तरुण भूगोलज्ञाने काढले. १८४१ मध्ये हा तीन भागांचा ग्रंथ बोस्टन, लंडन व हाले येथे प्रसिद्ध झाला. तिसऱ्या भागाच्या शेवटी स्मिथ ह्यांनी खेड्याखेड्यांची नावे अरबी लिपीत देऊन याद्या जोडल्या आहेत. कोणी त्या वाचीत नसेल, पण यहोशवाच्या याद्यांचे ते भावंडच होय. १८४२ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने रॉबिन्सन ह्यांस सुवर्णपदक दिले. यरुशलेमेतील मंदिराच्या पश्चिम भिंतीतून बाहेर आलेल्या ज्या कमानीच्या दगडांचा अर्थ त्यांनी लावला, तिला आजही त्यांचेच नाव आहे.

१८५२ मध्ये दोघे मित्र पुन्हा त्या देशी हिंडले आणि उत्तरेस गालीलापर्यंत व यार्देनेच्या उगमापर्यंत गेले. त्याचे वर्णन १८५६ मध्ये निघाले. दुसऱ्याच वर्षाच्या जानेवारीत स्मिथ बेरुतेस वारले. त्यांनी हाती घेतलेले अरबी पवित्र शास्त्राचे भाषांतर व्हॅन डाइक ह्यांनी १८६५ मध्ये पूर्ण केले, आणि जी नावे स्मिथ ह्यांनी शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकून घेतली होती, ती छापील यहोशवाच्या पुस्तकातून अरबी वाचकांकडे परत गेली.

रॉबिन्सन ह्यांच्या मनात बायबलातील देशांचा संपूर्ण भूगोल लिहावयाचे होते : आधी डोंगर, नद्या व हवापाणी, आणि मग वंशांची वतने व नगरे. परंतु दृष्टी मंद होत चालली. १८६२ मध्ये बर्लिनच्या नेत्रवैद्यांकडे जाऊनही गुण आला नाही. २७ जानेवारी १८६३ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचा अंत झाला. डोंगर व नद्या ह्यांचा भाग १८६५ मध्ये छापून निघाला; वंशांच्या वतनांचा भाग लिहावयाचा राहून गेला.